विश्लेषण : ट्रकचे अ‍ॅव्हरेज घसरले, डॅशबोर्डवर पिवळा दिवा... दोष ड्रायव्हरचा की गाडीचा?

गंगाखेडहून पालममार्गे लोहा आणि पुढे नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर मालाची ये-जा वर्षभर सुरू असते. पावसाळा सरला की सोयाबीन, मग कापूस, पाठोपाठ उसाचा हंगाम. मधल्या काळात सिमेंट, खत, गिट्टी आणि परळीच्या औष्णिक वीज केंद्रातली राख. एमएच-२२ पासिंगच्या एक-दोन ट्रकवर घर चालवणाऱ्या मालकाला यात दोनच खर्च झोपू देत नाहीत : डिझेल आणि दुरुस्ती.

अनेक मालक ड्रायव्हरला अ‍ॅव्हरेज बांधून देतात. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर गेलीच पाहिजे. त्याहून जास्त डिझेल लागले तर फरक ड्रायव्हरच्या पगारातून. गाडी साडेतीनवर आली की पहिला संशय ‘डिझेल विकले’ असा येतो. ड्रायव्हर म्हणतो, ‘गाडीलाच पिकअप नाही.’ आणि डॅशबोर्डवर महिनाभर एक पिवळा दिवा जळत असतो, त्याकडे दोघांचेही लक्ष नसते. पुष्कळदा दिवा आणि डिझेल ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे असतात. ती कशी ओळखायची?

दिवा नेमके काय सांगतो?

रंगाचा नियम सोपा आहे. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे पुढच्या मुक्कामाआधी तपासा. ऑईल प्रेशर, इंजिनाचे तापमान आणि ब्रेकची हवा हे तीन लाल दिवे लागले की गाडी बाजूला घेण्याला पर्याय नाही. ऑईलचे प्रेशर गेलेले इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते आणि त्याचा खर्च लाखांत जातो. ‘पालमपर्यंत तरी काढू’ हा हिशेब इथे चालत नाही.

पिवळ्या दिव्यांचे प्रकरण वेगळे. इंजिनाच्या चित्राचा जो दिवा सगळ्यांना माहीत आहे, तो कोणता भाग खराब झाला हे सांगत नाही. एखाद्या सेन्सरचे मोजमाप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, एवढीच त्याची साक्ष असते. सेन्सर खरे बोलत असेल तर दोष यंत्रात आहे. सेन्सर किंवा त्याची वायर खराब असेल तर यंत्र ठीक असूनही दिवा लागतो. तापमापकाने ताप दाखवला म्हणून रोग कळत नाही, तसेच हे. दिवा लागला म्हणून लगेच टर्बो किंवा इंजेक्टर बदलायला घेणे हा पैसे घालवण्याचा सर्वात जलद मार्ग आहे.

आणखी एक गोष्ट. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, सगळे दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. एखादा दिवा त्या वेळी लागतच नसेल तर तो उडाला आहे किंवा कोणी काढून ठेवला आहे. जुनी गाडी विकत घेताना ही तपासणी फुकटात होते.

पूर्वी एवढे दिवे नव्हते, मग आता का?

एप्रिल २०१७ मध्ये देशभर बीएस-४ लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६. बीएस-५ ही पायरी वगळली गेली. डिझेलमधल्या गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले आणि त्यामुळे धुरावर प्रक्रिया करणारी नाजूक यंत्रणा गाडीला जोडणे शक्य झाले. बीएस-४ च्या वेळी कंपन्यांच्या वाटा वेगळ्या होत्या : टाटाने मोठ्या ट्रकमध्ये युरियाचे द्रावण वापरणारी एससीआर यंत्रणा घेतली, तर अशोक लेलँडने युरियाशिवाय आयईजीआर. जुने ड्रायव्हर ‘अमक्या गाडीला युरिया लागत नाही’ असे आजही सांगतात, ते तिथून आले आहे. बीएस-६ मध्ये मोठ्या ट्रकना तो लागतोच, असे मानून चालावे.

आता सायलेन्सरच्या जागी छोटा कारखानाच आहे. आधी धुरातला अर्धवट जळालेला भाग जाळणारा कॅटॅलिस्ट, मग काजळी अडवणारी सिरॅमिकची जाळी म्हणजे डीपीएफ, मग युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड साध्या नायट्रोजन आणि पाण्याच्या वाफेत बदलणारी एससीआर यंत्रणा. प्रत्येक टप्प्याला तापमान, दाब आणि वायू मोजणारे सेन्सर. इंजिनात थोडी गडबड झाली की तिची खबर इथे लागते. म्हणूनच बीएस-६ गाडीत कमी अ‍ॅव्हरेज आणि दिवा बरेचदा एकत्र येतात.

कारखान्याच्या रांगेत डीपीएफ का भरतो?

पालम-गंगाखेड पट्ट्यातल्या ट्रकसाठी हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. डीपीएफमध्ये साचलेली काजळी धूर पुरेसा गरम असेल तर आपोआप जळत राहते. महामार्गावर भरलेली गाडी तासभर एका वेगाने धावली की हे काम होऊन जाते. उसाच्या हंगामातला ट्रक मात्र नेमके उलटे आयुष्य जगतो. फडातून मातीच्या वाटेने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर, पंधरा-वीस किलोमीटरचा प्रवास, मग कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन चालू-बंद करत सरकणे, वजनकाटा, गव्हाण आणि परत. धूर कधी धड तापतच नाही. काजळी साचत जाते.

डीपीएफच्या आधी आणि नंतर धुराच्या दाबात किती फरक आहे, हे एक सेन्सर मोजत असतो. फरक वाढला की कॉम्प्युटर जादा डिझेल सोडून धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जाळतो. याला रिजनरेशन म्हणतात. यात डिझेल जाते, हे उघड आहे. पण खरा तोटा ते अर्धवट तुटण्यात आहे. काजळी जाळायला सुरुवात झाली आणि ड्रायव्हरने चहासाठी गाडी बंद केली, की तेवढे डिझेल वाया. पुन्हा सुरुवात, पुन्हा खंड. ज्या इंजिनांत हे जादा डिझेल सिलिंडरमध्येच सोडले जाते, तिथे त्यातले काही खाली ऑईलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑईल ‘वाढलेले’ दिसले तर खूश होण्याचे कारण नाही. ते पातळ झाले आहे.

डीपीएफचा दिवा नुसता लागला असेल तर गाडी अर्धा-पाऊण तास चांगल्या वेगाने चालवणे हा पहिला उपाय. दिवा लुकलुकू लागला तर गाडी मोकळ्या जागी उभी करून, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून डॅशबोर्डवरचे रिजनरेशनचे बटण वापरावे. गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. इथे एक धोका कमी लोक सांगतात. त्या वेळी सायलेन्सरच्या तोंडाशी भट्टीसारखी उष्णता असते. खाली वाळलेले पाचट असेल, गाडी जिनिंगच्या आवारात कापसाशेजारी असेल किंवा पेट्रोल पंपावर असेल, तर हे बटण दाबायचे नाही. त्यासाठी रिजनरेशन थांबवून ठेवण्याचे बटणही दिलेले असते. पण ते दाबून विसरले जाते आणि आठवड्याने गाडी ओढेनाशी होते. पिकअप नसल्याची तक्रार आली की आधी हे बटण पाहावे. अनेकदा इलाज तिथेच संपतो.

काजळी जळते, राख जळत नाही. राख येते इंजिन ऑईलमधून. म्हणून बीएस-६ गाडीला कमी राखेचे ऑईल लागते. डब्यावर ‘सीके-४’ ही श्रेणी असते किंवा कंपनीने सांगितलेली दुसरी. जुन्या गाडीचे उरलेले ऑईल नव्या गाडीत ओतले तर आज काही बिघडत नाही, पण डीपीएफ वेळेआधी भरतो आणि तो धावून मोकळा होत नाही. मग तो काढून यंत्रावर साफ करावा लागतो. गाडी धुण्याच्या रॅम्पवर पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा त्यावरचा इलाज नव्हे. आतली सिरॅमिकची जाळी ठिसूळ असते.

खताच्या युरियातून डीईएफ बनवले तर?

ट्रकवाले ज्याला नुसता ‘युरिया’ म्हणतात, त्या डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षाररहित पाणी असते. शेतीच्या तालुक्यात कृषी सेवा केंद्रात युरियाची गोणी समोर दिसते, विहिरीला पाणी असते, आणि तयार बादलीचा दर खिशाला जड वाटतो. त्यातून घरगुती डीईएफचा मोह होतो. काही ठिकाणी असा माल सुट्या कॅनमध्ये, बिलाशिवाय विकलाही जातो.

शेतीच्या युरियाला २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. पिकाला नायट्रोजन हळूहळू मिळावा आणि अनुदानाचा युरिया कारखान्यांकडे वळू नये, हे त्यामागचे हेतू. हे तेल, खतातली इतर अशुद्धता आणि बोअरच्या पाण्यातले क्षार डीईएफच्या पंपात, बारीक नोझलमध्ये आणि कॅटॅलिस्टवर बसतात. आधी नोझल बुजते, मग एससीआरचे काम मंदावते आणि शेवटी कॅटॅलिस्ट कायमचा निकामी होतो. बादलीमागे वाचलेले दोन-चारशे रुपये तेव्हा लाखभराच्या घरातल्या बिलात बुडतात. शिवाय अनुदानाचा शेतीचा युरिया अशा कामाला वळवणे हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे. एकीकडे पेरणीच्या वेळी युरियासाठी शेतकरी रांगेत, आणि तोच युरिया ट्रकच्या टाकीत. यात तालुक्याचे दोन्हीकडून नुकसान आहे.

डीईएफ संपले किंवा दर्जा खराब निघाला तर गाडी बंद पडत नाही, पण कॉम्प्युटर तिला शिक्षा करतो. बीएस-६ चे नियम ज्यावर बेतले त्या युरो-६ मध्ये आधी इशारा, मग इंजिनाच्या जोरात सुमारे चौथाई कपात आणि तरीही दुर्लक्ष झाले तर ताशी २० किलोमीटरची मर्यादा, असा क्रम आहे. भरलेली गाडी चढावर या अवस्थेत अडकली तर टोइंगची वेळ येते. या द्रावणावर सारी वाहतूक किती अवलंबून आहे, हे २०२१ च्या शेवटी दक्षिण कोरियात दिसले. चीनने युरियाच्या निर्यातीवर बंधने आणताच तिथे ट्रक थांबण्याची वेळ आली आणि सरकारला परदेशातून विमानाने द्रावण मागवावे लागले.

इथल्या उन्हाळ्याचाही विचार हवा. द्रावण सतत ३५ अंशांत ठेवले तर साधारण सहा महिनेच टिकते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिना काढलेली बादली भरवशाची नसते. हातातला छोटा रिफ्रॅक्टोमीटर काही फिटरकडे असतो. दोन थेंबांत ३२.५ च्या आसपास आकडा येतो की नाही, ते कळते. मात्र हा आकडा फक्त युरियाचे प्रमाण सांगतो, शुद्धता नव्हे. घरगुती मालही या परीक्षेत पास होऊ शकतो.

एक सवय मात्र आजच बदलता येईल. गाडी बंद केल्यावर डीईएफचा पंप नळीतले द्रावण परत टाकीत ओढतो, त्याला दोनेक मिनिटे लागतात. चावी काढताच लगेच बॅटरीचा कटऑफ फिरवला तर द्रावण नळीतच राहून पांढरे खडे तयार होतात. नोझल बुजण्यामागे हे कारण वारंवार निघते.

दिव्याचा कोड गावातच वाचता येतो का?

बहुतेक वेळा येतो. काही ट्रकमध्ये कोड डॅशबोर्डच्या छोट्या स्क्रीनवरच दिसतो, नाही तर स्कॅनर जोडावा लागतो. मोठ्या ट्रकमध्ये दोन आकडे महत्त्वाचे : एसपीएन आणि एफएमआय. पहिला आकडा कोणती गोष्ट मोजली जात होती हे सांगतो, दुसरा तिच्यात काय बिघडले ते. काही मॉडेलवर ‘पी’ अक्षराने सुरू होणारे कोड येतात.

समजा एसपीएन १०२ आला. हा टर्बोकडून इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब आहे. सोबत एफएमआय १८ असेल तर दाब कमी पडतो आहे. अनेक ठिकाणी लगेच टर्बो उतरवला जातो. पण टर्बो आणि इंटरकूलरमधला रबरी होस फाटला असेल किंवा क्लॅम्प ढिला असेल, तरी हाच कोड येतो. साबणाच्या पाण्याचा फेस लावून, इंजिन रेस करून पाहिले की बुडबुडे दिसतात. हवा कमी, डिझेल तेवढेच. त्यामुळे धूर काळा, पिकअप कमी, डीपीएफ लवकर भरलेला आणि अ‍ॅव्हरेज पडलेले. एका क्लॅम्पमुळे चार तक्रारी.

आता तोच १०२ आणि सोबत एफएमआय ३, ४ किंवा ५ आला, तर गोष्ट बदलते. हे तिन्ही आकडे विजेच्या दोषाचे आहेत : व्होल्टेज जास्त, कमी किंवा वायर तुटलेली. म्हणजे टर्बोला हात लावायचे कारणच नाही. गोदामाजवळ किंवा शेतात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची वायर उंदरांनी कुरतडलेली असणे ही इथली नेहमीची गोष्ट. कनेक्टरमध्ये पाणी जाऊन हिरवा गंज चढणे ही दुसरी.

एसपीएन ९७ म्हणजे डिझेलमध्ये पाणी. सेपरेटरच्या खालचा नट ढिला करून पाणी काढले की बहुधा भागते, पण पुन्हा पुन्हा आला तर टाकी किंवा डिझेल भरण्याची जागा तपासावी. ३२५१ म्हणजे डीपीएफच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, १७६१ डीईएफची पातळी, ३३६४ त्याचा दर्जा. ४३६४ म्हणजे एससीआर पुरेसे काम करत नाही, आणि तिथे आधी द्रावण, मग नोझल, मग नॉक्स सेन्सर आणि सर्वात शेवटी कॅटॅलिस्ट, असा स्वस्तातून महागाकडे जाणारा क्रम ठेवावा.

कोड पुसण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा, तारीख आणि किलोमीटरसह. पुसलेला कोड परत येतो की नाही आणि किती दिवसांनी येतो, यातच अर्धे निदान असते. कोड पुसून ‘काम झाले’ म्हणणाऱ्या फिटरने काम केलेले नसते. कंपनीचे सर्व्हिस सेंटर नांदेड-लातूरला गाठायचे असले तरी हातात हा फोटो असेल तर काय बदलायचे, यावर मालकाला चार प्रश्न विचारता येतात.

दिवा नाही, तरीही डिझेल जाते, मग?

तर इंजिन सोडून खाली वाकावे. सेन्सर टायर, ब्रेक आणि अ‍ॅलाइनमेंट पाहत नाहीत, आणि डिझेल तिथेही जाते.

टायरमध्ये हवा कमी असेल तर प्रत्येक १० पीएसआयमागे अर्धा ते एक टक्का डिझेल जास्त जाते, असा अंदाज वाहतूक क्षेत्रात सर्वमान्य आहे. दहा चाकी गाडीत मागच्या जोडीतला आतला टायर सर्वात दुर्लक्षित असतो. व्हॉल्व्हपर्यंत हात जात नाही म्हणून हातोडी मारून आवाजावर भागवले जाते. हातोडीने पंक्चर कळते, वीस पीएसआयची कमतरता कळत नाही. हवा मोजायची ती सकाळी, गाडी चालण्याआधी. दुपारच्या उन्हात गरम टायरचा आकडा फुगलेला असतो आणि तो पाहून हवा सोडली तर सकाळी टायर आणखी बसतो.

धरलेला ब्रेक हा दुसरा चोर. गाडी उतरणीवर सोडली की आधी मोकळी पळायची, आता थांबते. ड्रायव्हरला हे पायाला कळते, फक्त त्याला कोणी विचारत नाही. वीस-तीस किलोमीटर चालल्यावर प्रत्येक हबचे तापमान लांबून मोजावे. करोनाकाळात दारोदार दिसलेल्या बंदुकीसारख्या थर्मामीटरचा औद्योगिक भाऊ बाजारात मिळतो. पाच चाके एकसारखी आणि सहावे भलतेच गरम, म्हणजे तिथले लायनर, स्लॅक अ‍ॅडजस्टर किंवा बेअरिंग. उघड्या हाताने हबला स्पर्श करू नये.

एअर फिल्टरचा विषय छोटा पण इथे महत्त्वाचा. मातीच्या वाटा, गिट्टी आणि राखेच्या वाहतुकीत फिल्टर पुस्तिकेतल्या किलोमीटरआधीच भरतो. तो काढून टायरवर आपटणे किंवा कॉम्प्रेसरची हवा जोरात मारणे टाळावे. कागद फाटला तर धूळ थेट इंजिनात जाते. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन कधीच पूर्ण तापत नाही आणि डिझेल जास्त लागते. काटा नेहमी खालीच राहत असेल तर ‘गाडी थंड राहते’ म्हणून समाधान मानू नये. काही मॉडेलवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे मोड निवडायचे बटण असते. ते कायम ‘हेवी’वर ठेवलेले आढळते.

वेगाचे गणित तर निर्दय आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठऐवजी पंचाहत्तरने गेले तर तो दीडपटीहून जास्त होतो. उंच रचलेला कापूस आणि फडफडणारी ताडपत्री असेल तर आणखी.

ओव्हरलोडबाबत एकच लक्षात ठेवावे. जुलै २०१८ मध्ये केंद्राने अ‍ॅक्सल भाराची मर्यादा वाढवली, दहा चाकी ट्रकचे एकूण वजन २५ वरून २८.५ टनांवर गेले. तरी ही मर्यादा नव्या नोंदणीच्या गाडीसाठी कागदावर काय आहे, ते आरसी बुकात पाहावे लागते. मर्यादा ओलांडल्यास मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे.

मग ड्रायव्हरचा पगार कापायचा की नाही?

आधी मोजणी बरोबर हवी. टाकी गळ्यापर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे, फेरी झाल्यावर त्याच पंपावर, त्याच जागी, पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. एका फेरीवर निकाल नको. निदान चार फेऱ्यांची सरासरी. भरलेली आणि रिकामी धाव वेगळी लिहायची. यार्डात, चेकनाक्यावर, लोडिंगला किती तास इंजिन चालू होते, त्याची नोंद घ्यायची. मोठे इंजिन नुसते चालू राहिले तरी आकारमानानुसार तासाला दीड-दोन ते तीन लिटर डिझेल पिते. कारखान्यावर सहा तास रांगेत सरकलेल्या गाडीचे अ‍ॅव्हरेज लातूरला सोयाबीन टाकून आलेल्या गाडीशी तोलणे अन्याय आहे. कंपनीच्या आकड्याशी तुलना तर नकोच; अवजड वाहनांच्या इंधनवापराची सरकारी चाचणी ताशी ४० आणि ६० या स्थिर वेगांवर होते. पालम परिसरात असा रस्ता सापडला तर गोष्ट वेगळी.

डीईएफचा हिशेब इथे साक्षीदार होतो. ते साधारणपणे डिझेलच्या तीन ते सहा टक्के लागते. डायरीत हजार लिटर डिझेल आणि जेमतेम दहा लिटर डीईएफ दिसले तर दोन शक्यता उरतात : नोझल बुजले आहे, किंवा लिहिलेले सगळे डिझेल इंजिनात जळलेले नाही. नोझल बुजले असेल तर दिवा लागतोच. दिवा नाही, कोड नाही, टायर-ब्रेक ठीक, आणि तरी डीईएफचे प्रमाण कमी, तेव्हा मालकाच्या संशयाला पहिल्यांदा आधार मिळतो. त्याआधी नाही.

रक्कम लहान नसते. महिन्याला सहा हजार किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर चारऐवजी साडेतीनचे अ‍ॅव्हरेज म्हणजे सुमारे २१४ लिटर जादा, साधारण १९ हजार रुपये. ड्रायव्हरच्या पगारातून हे कापले तर त्याच्या घरात फार काही उरत नाही आणि तो गाडी सोडून जातो. नवा ड्रायव्हर येतो, तो फाटलेला होस तिथेच असतो आणि अ‍ॅव्हरेजही साडेतीनच.

‘दिवा कायमचा बंद करून देतो’ म्हणणाऱ्यांचे काय?

डीपीएफ आतून पोकळ करणे, एससीआर बंद करून कॉम्प्युटरला खोटा सिग्नल देणारा छोटा डबा बसवणे, सॉफ्टवेअर बदलणे, अशी कामे मोठ्या मार्गांवरच्या काही गॅरेजमध्ये होतात. दिवा जातो, डीईएफचा खर्च जातो, काही दिवस पिकअपही वाढल्यासारखा वाटतो. कारण अडलेली वाट मोकळी झालेली असते. ती का अडली होती, ते कारण मात्र इंजिनात तसेच राहते. इंजेक्टर गळत असेल तर तो गळतच राहतो, आता ते सांगायला दिवा नाही.

कायद्यात ही परवानगीशिवाय केलेली फेरफार आहे. कलम १८२-अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा प्रत्येक फेरफारीमागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. प्रदूषणाच्या मर्यादेबाहेरची गाडी चालवल्यास कलम १९० खाली वेगळी कारवाई, त्यात दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र. लायसन्स जाते ते चालवणाऱ्याचे, म्हणजे इथेही ड्रायव्हरच सापडतो. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनी इंजिनाच्या दाव्यावर हात वर करू शकते.

काही जण हे काम अगदी स्वस्तात, क्वचित फुकटही करून देतात. त्याचे कारण काढलेल्या मालात आहे. कॅटॅलिस्ट आणि डीपीएफच्या जाळीवर प्लॅटिनम-पॅलेडियमचा पातळ थर असतो आणि भंगाराच्या बाजारात त्याला चांगला भाव मिळतो. ‘जुना माल राहू द्या इथेच’ असे जो सांगतो, त्याची मजुरी त्यात वसूल झालेली असते.